निळी इरकल

मेथीची जुडी सोडून ताटात पसरली की आधी वास येतो, मग काम सुरू होतं. मधली काही वर्षं हे काम सूनबाईनं माझ्याकडून काढून घेतलं होतं. पानामागचा मावा मला दिसत नव्हता, गवताची काडी आणि मेथीची काडी सारखीच वाटायची. आता दर रविवारी जुडी माझ्यापुढे येते. पान उलटं करून पाहते. शिरेला चिकटलेला मातीचा कण दिसतो, कोवळ्या शेंड्याचा पोपटी रंग आणि जून पानाचा गडद हिरवा वेगवेगळे कळतात. वेळ लागतो, आणि लागावाच असं वाटतं.

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आता काही महिने झाले. ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं थोडंच. भुलीचे थेंब, वर प्रखर उजेड, ‘हलू नका आजी, झालंच’ म्हणणारा डॉक्टरांचा आवाज, आणि त्याच दिवशी घरी. खरी मेहनत पुढची, आणि ती सूनबाईची. नोकरी सांभाळून, मोबाईलवर गजर लावून, दर वेळी साबणानं हात धुऊन ती थेंब घालायची. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, खाली वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, यावर तिची करडी नजर असे.

वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. हे इतकं सावकाश होतं की आपल्याला पत्ताच लागत नाही. डावा डोळा अजून व्हायचा आहे, म्हणून मी आलटून पालटून एकेक डोळा झाकून बघते. डाव्यानं स्वयंपाकघराची भिंत कोऱ्या चहातून पाहावी तशी दिसते, उजव्यानं पांढरीशुभ्र. एका शनिवारी कपाट आवरताना मी काळी म्हणून नेसत होते ती इरकल हाताला लागली. उजेडात धरली तर गर्द निळी! आईनं दिली तेव्हा ती निळीच होती, हे मग आठवलं. तशीच छातीशी धरून कितीतरी वेळ बसून राहिले.

रविवारची पुरवणी पूर्वी हे वाचून दाखवायचे, अगदी मनापासून. पण मध्येच थांबून मागची ओळ पुन्हा नजरेखालून घालण्याचं सुख दुसऱ्याच्या आवाजात नाही. आता वाचायला लागल्यावर आधी मोतीबिंदू काढून डोळ्यात बसवलेल्या कृत्रिम भिंगाबद्दलच वाचलं. दुसऱ्या महायुद्धात काही ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या फुटलेल्या छताचे पारदर्शक प्लास्टिकचे कण शिरले होते, आणि डोळ्यांनी ते सोसले होते. लंडनचे डॉक्टर हॅरॉल्ड रिडली यांनी हे हेरलं आणि १९४९ मध्ये तशाच प्लास्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. त्यांच्याच क्षेत्रातल्या मोठमोठ्यांनी पुढे कितीतरी वर्षं त्यांना विरोध केला. ते मागे हटले नाहीत. देवापुढे हात जोडते तेव्हा हल्ली हे नावही माझ्या मनात येतं.

संध्याकाळी आम्ही दोघं चार भिंतीवर जातो. राजघराण्यातल्या स्त्रियांना दसऱ्याची मिरवणूक बघता यावी म्हणून ती जागा बांधली, असं साताऱ्यात सांगतात. वरून गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे दिसतात, लांबवर जरंडेश्वराच्या डोंगराची कड स्पष्ट दिसते. पण मला अधिक सुख उतरताना होतं. पूर्वी हे माझा दंड धरून ‘पायरी’, ‘खड्डा’, ‘दगड’ एवढंच बोलत उतरायचे, त्यांचं सगळं लक्ष माझ्या पावलांवर. आता भाच्याच्या लग्नापासून कांद्याच्या भावापर्यंत गप्पा चालतात, आणि दंड मात्र त्यांनी अजून सोडलेला नाही.

डाव्या डोळ्याची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे. सूनबाईनं त्या आठवड्याची रजा आत्ताच टाकून ठेवली आहे.