कोशिंबाखालचे लाल किडे

आषाढात उटनूरकडच्या एका बांधावर उभा होतो. कोशिंबाची पिकली फळं गळून खाली बियांचा सडा पडला होता आणि त्यावर लालभडक किड्यांची दाटी. एकेका बीला पाच-सहा पिल्लं डोकी लावून बसलेली. शेतकरी कुऱ्हाड घेऊनच आला होता. "साहेब, ही लाल ढेकण्याची पिलावळ. पऱ्हाटीत शिरायच्या आधी झाडच पाडतो."

त्याची धास्ती खोटी नव्हती. आदिलाबादच्या काळ्या जमिनीत घराचा सगळा हिशेब कापसावर चालतो. लाल ढेकण्या बोंडात सोंड खुपसून सरकीतला रस शोषतो. त्या छिद्रातून बुरशी आत जाते, रुई पिवळट-तांबूस पडते. उरलेले डाग त्याच्या विष्ठेचे आणि जिनात चिरडलेल्या किड्यांचे. मग बाजारात व्यापारी गाडीत कोपरापर्यंत हात घालतो आणि नेमका तोच डागाळलेला कापूस वर काढतो. बीटी कापूस २००२ साली आला तो बोंडअळीसाठी. रस शोषणाऱ्या किडीला त्यातलं विष लागू पडत नाही.

मी घोळक्यातला एक पंख फुटलेला किडा चिमटीत धरला आणि शेतकऱ्याच्या हाती भिंग दिलं. दोन मोठ्या डोळ्यांच्या मधोमध, काचेच्या मण्यांसारखे दोन बारीक ठिपके चमकत होते. ते साधे डोळे. लाल ढेकण्याला ते नसतातच. त्याच्या मानेशी पांढरी पट्टी असते, दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका आणि उलटा केला तर लाल पोटावर पांढरे आडवे पट्टे. आमच्या हातातल्या किड्याचं पोट साफ लाल होतं, पट्टा एकही नाही. शास्त्रात त्याला लेप्टोकोरिस ऑगर म्हणतात. पंख न फुटलेल्या पिल्लांत हे साधे डोळे दिसत नाहीत, म्हणून मोठाच किडा पाहावा लागतो. घाईत इथेच चूक होते.

ह्याचं पोट रिठ्याच्या कुळावर भरतं. कोशिंब त्या कुळातला, आणि कुंपणावर चढणारी कपाळफोडीसुद्धा. पोरं जिचे फुगे कपाळावर फोडतात आणि पांढऱ्या बदामाची खूण असलेलं काळं बी गोळा करतात, ती. उत्तर अमेरिकेत ह्याचा एक भाऊबंद बॉक्स एल्डर नावाच्या मेपलच्या बियांवर जगतो आणि थंडीच्या तोंडाला ऊब शोधत घराघरांत शिरतो. तो मेपलही रिठ्याच्याच कुळातला. समुद्रापलीकडेही किड्याने झाडाचं कूळ सोडलेलं नाही, ह्याचं मला आजही नवल वाटतं.

बी ह्या किड्याला किती घडवतं, ते स्कॉट कॅरोल आणि क्रिस्टिन बॉइड यांनी १९९२ साली दाखवलं. फ्लोरिडात ह्याच गोतातला एक किडा कपाळफोडीच्या बहिणीवर जगत होता. तिचा फुगा मोठा, बी मध्यभागी. तिथवर पोचायला लांब सोंड हवी. पुढे लोकांनी शोभेसाठी चपट्या शेंगांचं एक परदेशी झाड लावलं. त्यात बी सालीलगतच. संग्रहालयांत जपलेले जुने किडे आणि झाडावरचे नवे किडे मोजले, तेव्हा काही दशकांतच सोंड आखूड झालेली आढळली. जुने किडे टाचणीला लावून नीट जपले नसते, तर हे कधी कळलंच नसतं.

शेतकरी ऐकत होता, पण त्याचा प्रश्न साधा होता. "मग कापसावर येतो तो कुठून?"

भेंडी, अंबाडी, कापूस, काटेसावर ही त्याची घरं. वैशाखात सावरीची बोंडं फुटली की तिच्या बियांवर तो खरोखर जमतो. पण सावर तोडूनही काय साधणार? परसात भेंडी आहेच. त्याहून मोठा आसरा म्हणजे फरदडीच्या आशेने शिमग्यापर्यंत उभी ठेवलेली पऱ्हाटी. मी म्हणालो, "दादा, वेचणी लांबवू नका, शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या काढा. मधल्या काळात धुऱ्यावर सरकीचे छोटे ढीग ठेवा. किडे जमले की उकळतं पाणी ओता." कोशिंब पाडला असता तर कापसाला काडीचा फायदा झाला नसता, आणि लाखेचे किडे पोसणारं एक उत्तम झाड हातचं गेलं असतं.

डिसेंबरात पुन्हा तिकडे गेलो. कोशिंब जागेवर होता. धुऱ्यावरच्या सरकीच्या ढिगावर किड्यांचा लाल थर आला होता. मी वाकायच्या आत त्यानेच एक उचलला, उताणा करून माझ्यापुढे धरला आणि नखाने पोटावरचे पांढरे पट्टे दाखवले. "हा तो, साहेब," म्हणाला आणि पाण्याचं भगोणं आणायला घराकडे वळला.