पाटीमागची टिपणं

जून. वसईच्या एका पॅरिशची मराठी प्राथमिक शाळा. एका अंगाला चर्च, दुसऱ्या अंगाला केळीची वाडी. पहिलीतलं एक पोर रडता रडता क्रूसाची खूण करत होतं, तीही डाव्या हाताने. मी हात बदलून दिला. मी देवळात जाणारी बाई, पण तीर्थ-प्रसाद कुठल्या हाताने घ्यायचा हे मलाही असंच कुणीतरी मनगट धरून शिकवलं होतं.

•

प्रार्थना प्रमाण मराठीत, भांडण कादोडीत. मधल्या सुट्टीत पोरं कादोडी म्हणजे सामवेदी, नाहीतर वाडवळी बोलतात. घंटा झाली की जिभेला गणवेश चढतो. त्यांच्या पणज्यांनी मिस्सा लॅटिनमध्ये ऐकली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) वेदीवर मराठी आली. चौथीतल्या एकीने विचारलं, "बाई, देवाला कादोडी येत नाही का?" मी सिस्टरांकडे बोट दाखवलं. सिस्टर म्हणाल्या, "भांडलीस की त्याला सगळं कळतं."

•

१५ ऑगस्ट. त्याच दिवशी मारियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. आधी मिस्सा, मग झेंडा. इस्त्रीचा गणवेश एकाच खर्चात दोन ठिकाणी. पावसाने यंदाही दोन्हीकडे सारखंच भिजवलं.

•

आठवड्यातून एक तास वर्ग दुभंगतो. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला, बाकीची माझ्याकडे मूल्यशिक्षणाला. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कुणालाही धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, हे घटनेच्या २८ व्या कलमात आहे. तरी एकदा दोन्ही खोल्यांत एकच गोष्ट निघाली: दयाळू शोमरोन्याची. चोरांनी मारून अर्धमेल्या टाकलेल्या अनोळखी माणसाला तो उचलतो, सराईत नेतो, दोन नाणी देतो आणि म्हणतो, जास्त लागले तर परतताना देईन. पलीकडच्या खोलीत 'शेजारी कोण?' हा प्रश्न चालला होता. माझ्याकडे वाण्याच्या मुलाने विचारलं, "मग तो परत आला का?" गोष्टीत ते नाही. पोरगा दिवसभर अस्वस्थ होता. उधारी त्याच्या घरचा विषय.

•

८ सप्टेंबर, मारियामातेचा जन्मदिन. आधीचे नऊ दिवस मुलं फुलं आणतात. इथे फुलांना तोटा नाही. वसईची फुलं मुंबईच्या बाजारात जातात, पण ओंजळभर आधी शाळेत येतात. सोनचाफा आणणाऱ्याचा रुबाब वेगळा. एकाने प्लास्टिकचा गुलाब आणला. भाड्याच्या खोलीत राहतो, वाडी कुठून आणणार? सिस्टरांनी तो मूर्तीच्या अगदी पायाशी ठेवला. शेवटच्या दिवशी तो एकटाच ताजा होता.

•

किल्ल्यात सहल. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ च्या ५ फेब्रुवारीला नागासाकीला क्रूसावर मारला गेला, १८६२ साली संत झाला. मुलांना हौतात्म्याचं फारसं काही वाटलं नाही. त्यांना वाटलं ते एवढंच, की संत वसईचाही असतो. तिथेच चिमाजी अप्पांचा पोर्तुगिजांवरचा १७३९ चा विजयही सांगायचा असतो. "बाई, आपण कुणाच्या बाजूचे?" दोघं ख्रिस्ती, एक भंडारी, एक मुसलमान, असे चौघे एका पडक्या भिंतीवर बसून उत्तराची वाट पाहत होते. मी म्हटलं, आधी डबे खा.

•

पहिल्या कम्युनियनची तयारी. सातेक वर्षांच्या मुलांना ते देण्याची रीत दहाव्या पायसने १९१० साली घालून दिली; पूर्वी बरंच थांबावं लागे. सरावाला पवित्र न केलेली ओस्ती, म्हणजे कम्युनियनची पातळ भाकर, देतात. "कशी लागली?" बाहेर थांबलेल्या मैत्रिणीने विचारलं. "काहीच नाही. न तळलेल्या पापडासारखी." थोडं थांबून, "पण रविवारी वेगळी लागेल." लागली का, हे मी विचारलं नाही.

•

डिसेंबर. गोठा उभारायचा. ही रीत असिसीच्या फ्रान्सिसपासून चालत आली. १२२३ साली ग्रेच्चो गावात त्याने खरा बैल, खरं गाढव उभं केलं होतं. आमच्याकडे पेंढा खरा, बैल मातीचा. हिरवळीसाठी डबड्यांत नाचणी पेरतो. १६ तारखेला नाताळचा नोव्हेना सुरू होतो, २४ ला नऊ दिवस भरतात. अंकुर पाहून तिसरीतली एक ओरडली, "बाई, हे तर आमचे घट!" सगळ्या डबड्यांना पाणी घालायचं काम तिने आपणहून घेतलं. बैलाच्या शिंगालाही तिनेच हळद लावली. कुणी पुसली नाही.

•

राखेच्या बुधवारच्या आधी व्हरांड्यात पुठ्ठ्याचं खोकं ठेवतात. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून घरी नेलेल्या, क्रूसामागे खोचून ठेवलेल्या झावळ्या मुलं त्यात आणून टाकतात. त्या जाळून केलेली राखच कपाळाला लागते.

यंदा खोक्यात एक झावळी निघाली, तिच्या टोकाला कुंकू. शेजारणीने दिलेली कुणाच्या तरी देव्हाऱ्यात वर्षभर राहिली असणार. मी ती हळूच बाजूला काढू लागले. सिस्टरांनी माझ्या हातातून घेतली, मोडून पाहिली.

"ही चांगली वाळलीय," म्हणाल्या, आणि सगळ्यांत आधी तीच पेटवली.