नावं आली, चेहरे राहिले

जुना विंडोज संगणक थकला, म्हणून घराण्याची वंशावळ आज लिनक्सवर, ग्रॅम्प्स या मोफत प्रणालीत हलवली. नावं, जन्मसालं, सोयरिकी सुखरूप उतरल्या. फोटोंच्या जागी मात्र रिकाम्या चौकटी. वंशावळीची ने-आण होते ती जेडकॉम फाइलीतून. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चने १९८४ साली आणलेल्या या साच्यात सहसा फोटो नसतो, त्याचा पत्ता असतो : अमुक ड्राइव्ह, तमुक फोल्डर. लिनक्सवर ‘सी’ ड्राइव्हच नाही, मग आजी सापडणार कुठे? २०२१च्या ७.० आवृत्तीत फोटोंसकट गाठोडं बांधायची सोय झाली, पण जुन्या प्रणालींना ती कळत नाही.

छापील कुलवृत्तांत यापेक्षा बरे, असं क्षणभर वाटलं. तिथे नाव आणि चेहरा एकाच बांधणीत असतात. पण घरात नवं बाळ आलं की पुढच्या आवृत्तीची वाट पाहायची! संगणकात ते त्याच संध्याकाळी नोंदवता येतं. त्यामुळे मी संगणकाच्याच बाजूने.

फक्त एवढं करा : सगळे फोटो एकाच फोल्डरात ठेवा, फाइलीच्या नावातच माणूस आणि साल लिहा, आणि नव्या यंत्रावर प्रत्येक चेहरा दिसल्याशिवाय जुनं यंत्र भंगारात देऊ नका.