८० वरून १२० वर!

अहो, फक्त पंखा मोठा केला! भर मे महिना, अलिबागची घामट दुपार, लग्नाचा व्हिडिओ रेंडरला लावलाय आणि प्रोसेसर सत्तर अंशांच्या आसपास मजेत काम करतोय. जुन्या छोट्या पंख्यावर हाच आकडा पंचाण्णवला टेकायचा, मग प्रोसेसर स्वतःच वेग कमी करायचा आणि रेंडर रखडायचं. वर ती घरघर!

मांडव्याहून बोट पकडून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलो आणि १२० मिलिमीटरचा पंखा लावलेला उंच हीटसिंक घेऊन आलो. तेव्हापासून जो भेटेल त्याला हेच सांगतोय.

गणित बघा, किती सुंदर आहे! ८० चा पंखा १२० चा केला की व्यास दीडपट, पण क्षेत्रफळ सव्वादोन पट. आणि पात्यांची घडण तीच असेल, तर एका फेऱ्यात ढकलली जाणारी हवा व्यासाच्या घनाने वाढते, म्हणजे जवळजवळ ३.४ पट! छोटा पंखा मिनिटाला २७०० फेरे घेऊन जेवढी हवा देतो, तेवढी मोठा ८०० फेऱ्यांत देतो. फेरे निम्मे झाले की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. घरातला छताचा पंखा साडेतीनशे फेऱ्यांत अख्खी खोली सांभाळतो, ते याच जोरावर. शिवाय मधली मोटर ४० मिलिमीटरची धरली, तर छोट्या पंख्याची पाव जागा तीच खाते, मोठ्याची जेमतेम एक नवमांश.

आणि आपल्या किनाऱ्याची खरी गंमत पुढेच आहे. इथला दमटपणा माणसाला हैराण करतो, कारण घाम वाळत नाही. प्रोसेसरला घामच येत नाही! त्याला फक्त हवेचं तापमान कळतं, आणि ते आपल्याकडे उन्हाळ्यातही बत्तीस-तेहतीसच्या आसपास असतं. नागपूरला चाळिशी ओलांडते. पंखा कितीही मोठा असला तरी खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, म्हणून हा फरक सरळ प्रोसेसरवर दिसतो. या बाबतीत रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धनवाले नशीबवान!

खाऱ्या हवेचं मात्र बघावं लागतं. स्क्रू गंजतात, हीटसिंकच्या पत्र्यांवर चिकट धूळ बसते. मी निकेलचा मुलामा असलेला घेतला आणि ब्रशने पत्रे साफ करतो. पत्रे फार दाट असलेला घेऊ नका. हळू फिरणाऱ्या पंख्याचा दाब कमी, हवा आत शिरत नाही.

आता १४० चा खुणावतोय. पण असे हीटसिंक सोळा सेंटिमीटरच्या आसपास उंच असतात, अरुंद कॅबिनेटचं झाकणच लागत नाही. तेव्हा बोटीत बसण्याआधी मदरबोर्डपासून झाकणापर्यंतचं अंतर टेपने मोजून घ्या, आणि जा!