आधी कागद, मग सौदा

जागेत पैसे गुंतवायचं ठरल्यापासून मी जाहिराती कमी आणि कागद जास्त वाचतोय. आज एका प्लॉटचा सातबारा पाहिला. त्यावर 'भोगवटादार वर्ग 2' होतं. म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विक्री नाही. इतर हक्कांत सोसायटीचा बोजाही. भाव एवढा उतरलेला का, ते तिथेच कळलं.

फ्लॅटसाठी महारेराचा नोंदणी क्रमांक आधी बघायचा. 2016च्या रेरा कायद्यानुसार करार नोंदवण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. हे माहीत असलं की टोकनची घाई लावणाऱ्यापुढे ठाम राहता येतं. कष्टाची पुंजी आहे ही. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट येईपर्यंत एक रुपयाही द्यायचा नाही, हे मी पक्कं ठरवलंय.