खुकरीचा तांडेल

गेल्या वर्षी डिसेंबरात आमच्या धर्मग्रामातील तीसएक मंडळींना घेऊन आम्ही दीवला गेलो. वेरावळपर्यंत आगगाडी आणि पुढे ऊनामार्गे बस, असा तो दमवणारा प्रवास. पण वसईकराला दीव परके वाटत नाही. गुजरातच्या ज्या सुलतान बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, त्यानेच पुढल्या वर्षी त्यांना दीवमध्ये किल्ला बांधू दिला आणि १५३७ मध्ये त्याच समुद्रात त्याचा अंत झाला. आपल्याकडचे पोर्तुगीज राज्य १७३९ साली संपले, दीवमध्ये ते १९६१ पर्यंत टिकले. सकाळी संत पॉलच्या चर्चमध्ये मिस्सा झाली. संत थॉमसच्या नावाचे जुने चर्च आता वस्तुसंग्रहालय आहे, तेही पाहून झाले. संध्याकाळी समुद्रावर जायचे ठरले, तेव्हा कुणीतरी खुकरी स्मारकाचे नाव काढले.

चक्रतीर्थाच्या किनाऱ्याजवळ एक टेकाड आहे. त्यावर काचेच्या आवरणात युद्धनौकेची एक लहानशी प्रतिकृती समुद्राकडे तोंड करून उभी केली आहे. १५ डिसेंबर १९९९ रोजी हे स्मारक लोकांसाठी खुले झाले. आमच्याबरोबरच्या मुलांची थोडी निराशाच झाली. खरी नौका पाहायला मिळेल, अशी त्यांची कल्पना होती. खुकरी नावाची खरी नौकाही दीवला आहे. माझगाव गोदीत बांधलेली ती युद्धनौका निवृत्त झाल्यावर २०२२ साली दीवच्या प्रशासनाकडे सुपूर्द करण्यात आली. पण ती दुसरी खुकरी. पहिली खुकरी येथून सुमारे ४० सागरी मैलांवर पाण्याच्या तळाशी आहे, आणि काचेतली प्रतिकृती तिची आहे.

१९७१ च्या युद्धाच्या वेळी आम्ही पाळण्यात होतो, त्यामुळे पुढे जे सांगतो ते वाचलेले आणि ऐकलेले. शत्रूच्या एका पाणबुडीचा सुगावा लागला होता. तिच्या शोधासाठी खुकरी आणि किरपाण या दोन फ्रिगेट मुंबईहून निघाल्या. ९ डिसेंबरच्या रात्री, नऊच्या सुमारास, हंगोर नावाच्या त्या पाणबुडीनेच त्यांना गाठले. खुकरीवर सोनार यंत्राच्या सुधारणेचा प्रयोग चालू असल्याने तिचा वेग कमी ठेवण्यात आला होता. त्या निर्णयाविषयी पुढे पुष्कळ वाद झाला, त्यात शिरण्याचा आम्हांला अधिकार नाही. टॉर्पेडो लागला आणि काही मिनिटांत नौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. सहा अधिकारी आणि ६१ नौसैनिक वाचले. स्वतंत्र भारताच्या नौदलाने युद्धात गमावलेली ही एकमेव युद्धनौका.

कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला हे तिचे प्रमुख, वय ४५. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. त्या वेळच्या गौरवपत्रात नोंदलेला क्रम मोठा साधा आहे. नौका सोडण्याचा हुकूम त्यांनी दिला. जमतील तितक्या माणसांना शांतपणे पाण्यात उतरवले. स्वतःचे जीवरक्षक साधन एका नौसैनिकाला देऊन टाकले. मग आणखी काही करता येते का, हे पाहायला ते परत वर ब्रिजवर गेले. नौकेबरोबर बुडताना ते शेवटचे दिसले.

हे आम्ही मंडळींना सांगत होतो, तेव्हा अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारा एक तरुण म्हणाला, “फादर, पण हे बरोबर का? नौका तर बुडणारच होती. ते वाचले असते, तर देशाच्याच उपयोगी पडले असते. चर्च आत्महत्येला पाप मानते ना?”

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न आम्ही तासन्‌तास घोळवलेला आहे. जीव घेणे वेगळे, जीव देणे वेगळे. मरण इच्छिणे वेगळे आणि चांगले काम करताना ते आले तर न टाळणे वेगळे. हे सारे आम्ही त्याला समजावले. त्याने मान डोलावली, पण त्याचे समाधान झाले नाही, हे आम्हांला दिसले. खरे तर आमचेही झाले नव्हते. आमच्या मते मुल्ला नौका वाचवण्यासाठी वर गेले नाहीत. खालच्या मजल्यांवर अडकलेली माणसे बाहेर येऊ शकत नव्हती. त्यांना सोडून आपण निघावे, हे त्या माणसाला जमले नाही. पण हा आमचा तर्क. समुद्राने दुसरी साक्ष ठेवलेली नाही.

त्या तरुणाच्या प्रश्नाने आमच्या मनात जे वर आले, ते मात्र तेथे कुणाला सांगितले नाही. येथे सांगतो.

२०२० च्या टाळेबंदीत एका रात्री धर्मग्रामातील एका बाईंचा फोन आला. नवऱ्याला त्या साथीच्या तापाने रुग्णालयात ठेवले होते आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. “फादर, एकदा येऊन जा ना. नुसतं दारातून प्रार्थना म्हणा.” आम्ही म्हणालो, “बाय, आत कुणाला सोडत नाहीत.” फोनवरच प्रार्थना म्हटली. पहाटे तो गृहस्थ गेला. मातीलाही आम्ही फाटकापाशी, दूर उभे होतो. नियम चुकीचे होते, असे आम्ही म्हणत नाही. ते जीव वाचवण्यासाठीच होते. टोचते ते वेगळेच. आत सोडत नाहीत, असे आम्ही सांगितले. पण सोडाल का, असे आम्ही कुणाला विचारलेच नव्हते. आणि फोन खाली ठेवल्यावर आम्हांला हायसे वाटले होते. त्या बाई आजही रविवारी तिसऱ्या बाकावर बसतात, भेटल्या की आमच्या प्रकृतीची चौकशी करतात. त्या रात्रीचा विषय त्यांनी कधी काढला नाही. आम्हीही नाही.

टेकाडावरून समुद्र शांत दिसत होता. याच पाण्यावर १८ डिसेंबर १९६१ रोजी वेगा नावाच्या लहान पोर्तुगीज गस्ती नौकेचा तरुण अधिकारी ऑलिव्हेरा ई कार्मो भारतीय विमानांच्या माऱ्यात आपल्या तोफचीसह मारला गेला. दीव स्वतंत्र झाले याचा आनंद आम्हांला आहे. तरी मिस्सेत सर्व मृतांसाठी प्रार्थना करताना त्या दोघांना वगळावे कसे? तिकडे हंगोर पाणबुडी कराचीच्या सागरी संग्रहालयात जपून ठेवली आहे, आणि तेथेही मुलांना घेऊन माणसे येत असतील.

आमच्या मंडळींत सत्तरी ओलांडलेले एक तांडेल होते. दिवसभर ते फारसे बोलले नव्हते. काचेजवळ बराच वेळ उभे राहून त्यांनी ती प्रतिकृती नाळेपासून मागच्या टोकापर्यंत न्याहाळली. मग आमच्याकडे वळून विचारले, “फादर, खाली जे अडकले होते, त्यांना माहीत होतं का, की कप्तान वर आहे म्हणून?”

आम्ही गप्प राहिलो.

“माझा धाकटा भाऊ माझ्याच बोटीवर होता,” ते म्हणाले. “वादळात पाण्यात पडला. हाक ऐकू आली, दिसला नाही. आम्ही उजाडेपर्यंत तिथंच फिरत राहिलो. डिझेल संपत आलं, बाकीचे खलाशी घरी चला म्हणायला लागले, तेव्हा मी बोट फिरवली.” थोडे थांबून ते म्हणाले, “तोवर आम्ही हाका मारत होतो. त्याला ऐकू गेल्या की नाही, काय ठाऊक.”

हा भाऊ आम्हांला नावाने माहीत होता. दर वर्षी २ नोव्हेंबरला कबरस्तानात कबरींना आशीर्वाद देताना त्याचे नाव यादीत येते. कबर मात्र नाही, कारण देह सापडलाच नाही. ते नाव वाचून आम्ही दर वर्षी पुढच्या नावाकडे जात आलो होतो.

तांडेलांनी खिशातून जपमाळ काढली आणि आमच्या हातात दिली. मंडळी आपोआप गोळा झाली. आम्ही आधी त्यांच्या भावाचे नाव घेतले, मग कॅप्टन मुल्ला आणि त्यांच्याबरोबरच्या १९३ जणांचा उल्लेख केला, त्यानंतर वेगावरच्या दोघांचा. आणि मग मनातल्या मनात, २०२० सालच्या त्या गृहस्थाचे नाव. तिसऱ्या दशकाला अंधार पडला. पहारेकरी फाटक बंद करायला आला होता. आम्हांला पाहून तो थांबला आणि डोक्यावरची टोपी काढून बाजूला उभा राहिला. पाचवे दशक संपेपर्यंत त्याने किल्लीला हात लावला नाही.