परिचित विषयांवरील संवाद

परदेशी विद्यापीठांत जाऊ इच्छिणाऱ्यांना आज बहुधा आयईएलटीएस ही इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा द्यावी लागते. तिचा मौखिक भाग ११ ते १४ मिनिटांचा असतो. आरंभी घर, गाव, शिक्षण, छंद यांविषयी साधे प्रश्न. मग १ मिनिट विचार करून नेमल्या विषयावर छोटे भाषण. अखेरीस त्याच अनुषंगाने चर्चा. अशा प्रश्नांची उत्तरे मुखोद्गत करण्याकडेच विद्यार्थ्यांचा कल दिसतो.

कोलकात्यातील माझ्या वास्तव्यात एका विद्यार्थिनीची ही तयारी मी करून घेत असे. 'तुमचे गाव कोणते?' या प्रश्नाचे तिचे पाठ उत्तर होते 'कोलकाता', आणि तेथेच ती अडखळे. तिच्या घरी 'देश' म्हणत ते बरिशालला. फाळणीनंतर आजोबा बालवयात तेथून आले; तिने ते कधी पाहिलेले नाही. गिरगावात जन्मलेला मराठी माणूसही आपले गाव रत्नागिरीकडचे सांगतोच. मात्र त्याला तेथे जाता येते.

गंमत अशी की, अशा तयारीची पुस्तके दोनशे वर्षांपूर्वी याच परिसरात निघत होती, परंतु उलट दिशेने. १८०० साली कलकत्त्यास स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण इंग्रज नोकरांना देशी भाषा शिकाव्या लागत. तेथे शिकविणाऱ्या विल्यम केरीने १८०१ मध्ये बंगाली 'कथोपकथन' आणि १८०५ मध्ये मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापले. व्याकरणाला परिचित विषयांवरील संवाद जोडले होते. 'कथोपकथना'त हाट आहे, मजूर आहेत, कोळी आहेत, बायकांचे कडाक्याचे भांडणही आहे. साहेबाला पाठ करावयाचे होते ते दुसऱ्यांचे बोलणे. आमच्या विद्यार्थिनीला पाठ करावे लागत होते ते स्वतःचेच आयुष्य, आणि तेही दुसऱ्याच्या शब्दांत बसेल एवढेच.

परीक्षक गुण देतो ते ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार यांना. उत्तरातील सत्याला वेगळे गुण नाहीत. पाठांतर मात्र ऐकताक्षणी ओळखू येते. म्हणून मी तिला सुचविले, दोन्ही गावे सांग. बऱ्याच प्रयत्नांनंतर ती इंग्रजीत म्हणाली, 'माझा जन्म कोलकात्याचा. पण आजोबा ज्याला आपले गाव म्हणत, ते आता दुसऱ्या देशात आहे.'

व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष होते. त्यानंतर कोणता प्रश्न येईल, हे मात्र आता पाठ करून ठेवता येणार नव्हते.